तळमजला कुणाचा, हे नकाशाआधी ठरवा

प्रश्न असा आला आहे: सोलापुरातली सरकारी कार्यालयं विखुरलेली आहेत, काही भाड्याच्या जागेत आहेत. ती शहराच्या मध्यात एका संकुलात आणावीत, की विजापूर रोड-होटगी रोडच्या बाजूला मोकळ्या जागेवर न्यावीत? आणि असं संकुल कागदावरून प्रत्यक्षात कसं उतरतं, कुठं बिघडतं? सरकारी इमारतींचे आराखडे आणि बांधकामं यांतच माझी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेबद्दल माझं मत पक्कं आहे. शहराच्या मध्यातच. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. करमाळा किंवा माळशिरसहून येणाऱ्याला शंभर किलोमीटरच्या वर एसटीचा प्रवास पडतो. सकाळची गाडी धरून तो स्टँडवर उतरतो, तेव्हा बऱ्याचदा अकरा वाजून गेलेले असतात. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला तेव्हापासून कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे, त्यात दुपारची सुट्टी. परतीची गाडी गाठायची म्हटलं की त्याच्या हातात चार-साडेचार तास उरतात. तेवढ्यात जात पडताळणीत मुलीच्या प्रस्तावातली त्रुटी भरायची आहे, भूमी अभिलेखच्या जिल्हा कार्यालयात मोजणीच्या अपिलाची चौकशी करायची आहे आणि अपर जिल्हाधिकाऱ्यांसमोर सुनावणीची तारीखही त्याच दिवशी आहे. तिन्ही कार्यालयं तीन दिशांना असली की एक काम होतं आणि दोन पुढच्या खेपेवर जातात. शहराबाहेर जमीन सहज मिळते, हे खरं. पण सरकारचे तिथं वाचलेले पैसे लोक पुढं कायम रिक्षाभाड्यात आणि बुडालेल्या रोजगारात भरत राहतात. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही.

मध्यात बांधायचं तर मध्याच्या अडचणीही नीट बघाव्या लागतात. पहिली म्हणजे भुईकोट किल्ला. तो केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये करायचं तर परवानगी लागते. सिद्धेश्वर पेठ, पार्क चौक या भागातला कोणताही भूखंड सुचवला गेला, तर आधी टेप घेऊन हे अंतर मोजावं. नकाशे काढून, मान्यता घेऊन मग हे लक्षात आलं तर दोन वर्षं वाया जातात. दुसरी अडचण विमानतळाची. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. उंच बांधायचं असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा दाखला आधी बघायचा, नंतर नाही. तिसरी अडचण जानेवारीतली. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि होम मैदानावरची गड्डा जत्रा यांमुळे त्या बाजूचे रस्ते काही दिवस बंदच असतात. म्हणून संकुलाला दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर दोन दारं हवीत, त्यातलं एक तरी मिरवणुकीच्या मार्गाबाहेर. बांधकामाच्या वेळापत्रकातही ते दिवस आधीच वगळावेत.

आता मुख्य मुद्दा. अशा प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक खात्याकडून जागेची मागणी मागवली जाते. खातं काय देतं, तर मंजूर आकृतिबंध. इतकी पदं, म्हणून इतके चौरस मीटर. त्यातली किती पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत ते त्यात नसतं, आणि त्या कार्यालयात रोज बाहेरची किती माणसं येतात हे तर कुणी विचारतच नाही. मग कर्मचारी मोजून इमारत उभी राहते आणि जनता जिन्यात उभी राहते.

म्हणून नकाशाच्या आधी माणसं मोजा. प्रत्येक कार्यालयाच्या दारात वही घेऊन माणूस बसवायचा: किती आले, कशासाठी आले, किती वेळ थांबले, इथून पुढं कुठं गेले. दिवस मात्र विचार करून निवडायचे. महिन्याचा पहिला सोमवार, कारण त्या दिवशी जिल्ह्याचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो. मार्चचा शेवटचा आठवडा, कारण रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले जमीन-घरांचे नवे दर १ एप्रिलला येतात आणि त्याआधी दस्त नोंदवायला गर्दी उसळते. जूनचे दिवस, कारण तेव्हा प्रवेशासाठी उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रीमीलेअरचे दाखले काढायला पालक येतात. ऑक्टोबरातला एखादा शांत बुधवार मोजून इमारत काढली तर ती जूनमध्ये तुडुंब भरणार.

ही मोजणी हातात आली की तळमजल्याची वाटणी आपोआप समोर येते. दस्त नोंदणी, सेतू, शिधापत्रिका, नगर भूमापनाच्या नकला, सामाजिक न्यायाच्या योजनांचे अर्ज हे खाली. लेखापरीक्षण, नियोजन, सांख्यिकी, सहकार खात्याचा आतला कारभार यांना वरचे मजले चालतात, कारण तिथं येणारा माणूस बहुतेक दुसऱ्या कार्यालयातला असतो. सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून निघतो, त्यामुळे साध्या नकलेची गर्दी कमी झाली हे खरं आहे. पण आता जो माणूस येतो त्याचं काम कुठंतरी अडकलेलं असतं. त्याला खिडकी पुरत नाही. त्याला बसायला जागा, ऐकून घेणारा माणूस आणि सुनावणीची खोली लागते. सुनावणीच्या दोन-तीन खोल्या सामाईक ठेवा आणि त्याही तळमजल्यावरच ठेवा. पक्षकारांत म्हातारी माणसं फार असतात.

आणखी एक गोष्ट तळमजल्यावर हवी, ती म्हणजे सगळ्या कार्यालयांची एकच आवक. अर्ज कोणत्याही खात्याचा असो, एका टेबलावर द्यायचा, क्रमांक आणि पोच घ्यायची. ‘हे आमच्याकडं नाही, तिकडं जा’ हे वाक्य त्या टेबलावर संपलं पाहिजे. कार्यालयं एका आवारात आणण्याचा जनतेला होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि त्याला सगळ्यात कमी पैसे लागतात.

विरोध कुठून होतो तेही सांगतो. वरिष्ठांची दालनं दर्शनी बाजूला, पोर्चजवळ हवी असतात. त्याहून मोठा अडथळा पार्किंगचा. मध्यवस्तीत जागा कमी, म्हणून सरधोपट उपाय निघतो: खांबांवर इमारत उचला, खाली गाड्या लावा, कार्यालयं पहिल्या मजल्यापासून सुरू करा. म्हणजे ज्या तळमजल्यासाठी एवढी धडपड करायची तो मोटारींना मिळाला आणि गुडघे दुखणारी बाई लिफ्टच्या रांगेत. यात भूकंपाचाही मुद्दा आहे. आयएस १८९३ या भूकंपाचा विचार करून बांधण्याच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर भूकंप क्षेत्र ३ मध्ये येतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट इथल्या लोकांनी अनुभवली आहे. खाली भिंती नाहीत, नुसते खांब, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत हादऱ्यात खालच्या मजल्यातच मोडते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती बसल्या. खांब मजबूत करून, कातरभिंती, म्हणजे आडवा हादरा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती घालून हे टाळता येतं, पण मग त्याचा खर्च मोकळेपणानं धरा.

मग गाड्या कुठं? तळघर काढता येतं, पण सोलापूरच्या जमिनीत थोडं खाली गेलं की मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. भरवस्तीत सुरुंग लावायला कोण परवानगी देणार? ब्रेकरनं फोडायचं म्हणजे महिनोन् महिने आवाज, धूळ आणि पैसा. तलावाजवळ असाल तर पावसाळ्यात झिरपणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त वेगळा. माझा कल एकमजली तळघर आणि मागच्या बाजूला दुचाकींसाठी स्वतंत्र दोन-तीन मजली साधा सांगाडा, याकडं आहे. येणाऱ्यांत दुचाकीवाले जास्त असतात आणि दुचाकीला चारचाकीपेक्षा फार कमी जागा लागते, हे धरून आकडेमोड केली की तळघर पुष्कळ लहान होतं.

उंचीबद्दल मी आग्रही आहे: तळमजला अधिक तीन. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत उंच इमारतींच्या वर्गात जाते आणि आगीसंबंधीच्या अटी कडक होतात. मजल्याची उंची ३.६ मीटर धरली तर चार मजल्यांचे १४.४ मीटर झाले. जोतं, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतची उंची, ४५ सेंटीमीटर धरलं की १४.८५. बसतं. लिफ्ट बंद पडली तरी कर्मचारी तीन जिने चढू शकतो, किल्ल्याचा आणि विमानतळाचा प्रश्न सौम्य होतो, आणि आग लागली तर माणसं लवकर बाहेर पडतात. जागा पुरत नसेल तर इमारत आडवी पसरवा, मधे चौक सोडा. जोतं ४५ सेंटीमीटरच का, तर उतरणीसाठी. अपंगांसाठीच्या उताराचं प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढायला ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि तो मुख्य दाराशीच नीट बसतो. जोतं भव्य दिसावं म्हणून १.२ मीटर केलं की रॅम्प १४.४ मीटरचा होतो, मधे विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. मग तो इमारतीच्या कडेला ढकलला जातो, त्याचा चढ वाढतो आणि शेवटी त्यावर कुंड्या येऊन बसतात.

अभिलेख कक्षाकडं सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि तिथंच सगळ्यांत जास्त धोका असतो. साध्या कार्यालयाच्या खोलीसाठी स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरतात. फायली साठवायच्या खोलीला ५०० किलो किंवा जास्त. खाती राहायला आली की पहिल्याच महिन्यात जागा कमी पडते आणि लोखंडी मांडण्या जिथं सापडेल तिथं उभ्या राहतात, तांबड्या कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत जातात. स्लॅब वाकतो, खालच्या भिंतीला तडा जातो आणि बोल बांधकामाला लागतो. उपाय दोन. एक, जड कपाटांच्या जागा नकाशातच पक्क्या करा आणि त्या एकावर एक येतील अशा मांडा. दुसरा उपाय स्थलांतराच्या वर्षभर आधी सुरू करायचा: कागद किती काळ ठेवायचे यानुसारची अ, ब, क, ड वर्गवारी खरोखर करून मुदत संपलेले कागद नियमानं नष्ट करणं. जे कागद ठेवायचेच नाहीत त्यांच्यासाठी काँक्रीट का ओतायचं?

२१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग विसरू नका. कार्यालयं एकत्र आली की जोखीमही एकत्र येते. अभिलेख कक्षाला आगीला दोन तास दाद न देणाऱ्या भिंती आणि दारं, आत विजेची कमीत कमी तार, खात्याखात्यात अग्निरोधक विभाजन, आणि महत्त्वाच्या दस्तांच्या डिजिटल प्रती दुसऱ्या इमारतीत हव्यात. कोषागाराची स्ट्राँगरूम तळमजल्यावर, स्वतंत्र पहाऱ्यासह आणि जनतेच्या वाटेपासून दूर.

उन्हाबद्दल एवढंच की पारा ४३-४४ वर जाणाऱ्या गावात पश्चिमेला काचेची भिंत लावणं मला अजिबात मान्य नाही. पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, अभिलेख. प्रतीक्षेची जागा चौकाला लागून, खोल व्हरांड्यात, जाळीच्या भिंतीआड. वीज गेली तरी तिथं माणूस बसू शकला पाहिजे.

पाण्याचा हिशेब मात्र उघड करून दाखवतो, कारण तो नेहमी चुकतो. समजा कर्मचारी १०००. माणशी ४५ लिटरप्रमाणे ४५ हजार लिटर. येणारे ३०००, माणशी १० लिटर धरले तर ३० हजार. दिवसाला ७५ हजार लिटर झाले. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाच दिवसांची बेगमी करायची तर ३ लाख ७५ हजार लिटर, म्हणजे साडेबारा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल टाकी. आगीसाठीचा साठा याशिवाय. एवढी टाकी पाषाण फोडून करावी लागते, म्हणून ती तळघराच्या खोदाईबरोबरच झाली पाहिजे. मागाहून सुचली तर होत नाही. मग टँकर येतात आणि स्वच्छतागृहांना कुलूप लागतं. बाहेरगावच्या बायकांचे हाल काय होतात, ते मी पाहिलं आहे.

पाया आणि भराव. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यायचा, यात सहसा कुणी चुकत नाही. चूक होते जोत्याच्या भरावात. खोदून काढलेली तीच माती वाहून नेण्याचा खर्च वाचवायला आत ढकलली जाते. दोन पावसाळे गेले की फरशी मधेच उचलते आणि दारं अडकायला लागतात. भराव मुरमाचाच, थराथरानं, पाणी मारून दाबलेला, आणि प्रत्येक थराची नोंद मोजमाप पुस्तकात. शाखा अभियंत्यानं दुसरं काही थोडं ढिलं सोडलं तरी चालेल, हे नाही.

पैशाची बाजू. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम ठरलेला आहे. सरकारी इमारत असली तरी महापालिकेला नगररचना कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे आधी लेखी कळवावं लागतं. बांधीव क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी. झाडं असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याची परवानगी, आणि जुनी कडुनिंबं वाचतील अशा जागी चौक काढता आला तर त्याहून चांगलं काही नाही. खरी मेख पुढं असते. निधी दरवर्षी तुकड्यातुकड्यानं येतो. सगळ्या इमारतीचा सांगाडा एकदम उभारला की पहिल्या दोन वर्षांचा पैसा स्लॅबमध्ये जातो, नंतर दर वाढतात, सुधारित मान्यतेची फाइल फिरते आणि सळया पावसात गंजत राहतात. म्हणून संकुल पाखापाखांत, म्हणजे इमारतीच्या स्वतंत्र भागांत तोडा. पहिला पाखा पाया ते फर्निचर पूर्ण करा, त्यात भाड्यानं राहणारी कार्यालयं आणा आणि मगच दुसऱ्याला हात घाला. याच क्रमानं जागेवरची जुनी कार्यालयं हलवायचा प्रश्नही सुटतो, मधल्या काळासाठी वेगळी भाड्याची जागा शोधावी लागत नाही.

आणि वीज. स्थापत्य आणि विद्युत ही सार्वजनिक बांधकामची दोन वेगळी अंगं आहेत, त्यांची अंदाजपत्रकं वेगळी, कधी निविदाही वेगळ्या. स्लॅब ओतायच्या आधी विद्युतचा नकाशा हातात नसेल तर पाइप टाकायचे राहतात आणि नंतर नव्या कोऱ्या भिंती छिन्नीनं फोडल्या जातात. स्लॅबच्या तपासणीच्या कागदावर विद्युत उपअभियंत्याची सही असल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ निभावतं.

आवाराचा विचार करताना दोन गटांना बाहेर ढकलू नका. मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, अर्ज लिहून देणारे, झेरॉक्स, चहा हे सगळे येणारच. आतच छप्पर असलेले गाळे दिले नाहीत तर पहिल्या आठवड्यात ते फुटपाथवर बसतात आणि गेट अडतं. दुसरा गट आंदोलकांचा. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर धरणं धरलेली माणसं भर उन्हात बसलेली सोलापूरकरांनी किती वेळा पाहिली असतील. नव्या संकुलात त्यांच्यासाठी झाडाखालचा कट्टा, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह नकाशातच असावं. तक्रार घेऊन आलेला माणूसही त्याच कार्यालयाचा अभ्यागत असतो. पाट्या मराठीत असतीलच, पण अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कानडी बोलणारे पुष्कळ, शहरात तेलुगू आणि उर्दू बोलणारेही तितकेच. प्रत्येक पाख्याला एक रंग आणि प्रत्येक खिडकीला मोठा आकडा दिला की वाचता न येणाऱ्यालाही वाट सापडते.

देखभालीचा प्रश्न उद्घाटनाआधी सोडवावा लागतो. एका जिल्ह्यातल्या अशाच एकत्रित इमारतीत लिफ्ट कित्येक महिने बंद होती, कारण तिच्या देखभालीचं बिल कोणत्या खात्यानं भरायचं हे ठरलं नव्हतं. प्रत्येक खात्याला वेगळं वीजमीटर, सामाईक खर्चासाठी क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा, त्यासाठी स्वतंत्र तरतूद, आणि पंप, जनरेटर, सफाई, लिफ्ट यांसाठी जबाबदार असा एकच इमारत व्यवस्थापक. हा आदेश हातात आल्याशिवाय कोणत्याही खात्याला किल्ल्या देऊ नयेत.

आपण नागरिक म्हणून काय करू शकता, असंही विचारलं आहे. निविदा निघण्याआधी माहितीच्या अधिकारात तीनच कागद मागा: तळमजल्याचा नकाशा, अभ्यागतांच्या मोजणीचा तक्ता आणि पाखानिहाय निधीचं वेळापत्रक. मोजणीचा तक्ता नाही असं उत्तर आलं, तर तो करून घेण्याची मागणी आमदारांमार्फत जिल्हा नियोजन समितीकडं त्याच वेळी न्या. निविदा निघाल्यावर तळमजला बदलायचा म्हणजे पुन्हा मान्यतेच्या फेऱ्या, आणि तेव्हा कुणी ऐकत नाही.